चॅनलचा टाइप जुळतो, मग प्रोग्रॅम का अडकतो?

एकाच वेळी चालणाऱ्या आणि मेसेज पाठवून एकमेकींशी बोलणाऱ्या प्रोसेसबद्दल या वेळी बरीच पत्रे आली. काही पत्रांत एकच अडचण होती, ती एकत्र करून उत्तर दिले आहे.

प्रश्न: गो भाषेत प्रत्येक चॅनलला, म्हणजे मेसेजच्या नळीला, टाइप असतो. पूर्णांकाच्या चॅनलवर मजकूर टाकला की कम्पाइलर लगेच अडवतो. तरीही आमची सर्व्हिस दोन-तीन दिवसांत मेमरी खात जाते आणि शेवटी रीस्टार्ट करावी लागते. 'सगळ्या गोरूटीन झोपल्या आहेत, डेडलॉक' अशा अर्थाची एररसुद्धा येत नाही (गोरूटीन म्हणजे गोमधली समांतर चालणारी हलकी प्रोसेस, डेडलॉक म्हणजे एकमेकांची वाट पाहत सगळेच अडकणे). टाइप असून असे का?
(एक वाचक, हिंजवडी)

उत्तर: गोमधला चॅनलचा टाइप एवढेच सांगतो की या नळीतून काय जाते. किती वेळा जाते, कोणत्या क्रमाने जाते, पलीकडे घेणारा कोणी आहे की नाही, याबद्दल तो गप्प असतो. रॉबिन मिल्नर यांनी 1991 मध्ये पाय-कॅल्क्युलससाठी (समांतर प्रोसेसच्या गणिती भाषेसाठी) सॉर्टची, म्हणजे चॅनलच्या वर्गवारीची, जी पद्धत मांडली, तिचीही मर्यादा हीच होती. पिअर्स आणि सांजोर्जी यांनी 1993 मध्ये त्यात 'फक्त वाचण्याचा' आणि 'फक्त लिहिण्याचा' असे वेगळे अधिकार आणले. गोमध्ये पॅरामीटरच्या टाइपला बाण जोडून दिशा ठरवता येते, ती त्याच जातीची सोय. ती जरूर वापरा, पण दिशा कळली म्हणजे मोजदाद कळली असे नाही.

तुमच्या वर्णनावरून संशय एका ठरावीक साच्याच्या कोडवर जातो. फंक्शन बफर (मेसेज साठवण्याची जागा) नसलेला चॅनल तयार करते, एक गोरूटीन सोडते, आणि ती गोरूटीन डेटाबेसकडून आलेले उत्तर त्या चॅनलवर टाकते. फंक्शन सिलेक्टमध्ये दोन गोष्टींची वाट पाहते: उत्तर किंवा टाइमआउट. टाइमआउट आधी आला की फंक्शन परत फिरते आणि चॅनलवर ऐकणारे कोणी उरत नाही. मग गोरूटीन सेंडच्या ओळीवर कायमची उभी राहते. गार्बेज कलेक्टर तिला उचलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती जिवंतच असते. एका गोरूटीनचा स्टॅक सुरुवातीला जेमतेम 2 केबीचा असतो, पण तिने धरून ठेवलेला रिझल्ट, बफर, कनेक्शन हे सगळे तिच्यासोबत अडकते. रोज काही हजार टाइमआउट होत असतील तर दोन-तीन दिवसांचा हिशेब बरोबर बसतो.

उपाय साधा आहे: चॅनल तयार करताना बफर 1 द्या. मग ऐकणारा असो वा नसो, सेंड अडत नाही. मात्र ती गोरूटीन एखाद्या वाटेने दोन मेसेज टाकत असेल, आधी एरर आणि मग रिकामा रिझल्ट असे, तर 1 पुरणार नाही. आधी प्रत्येक वाटेवरचे सेंड मोजा.

एरर येत नाही कारण गोचा रनटाइम सगळ्याच गोरूटीन अडकल्या तर ओरडतो. तुमचा एचटीटीपी सर्व्हर नेटवर्कवर कान देऊन बसलेला असतो, त्यामुळे 'सगळ्या' ही अट कधीच पुरी होत नाही. खात्री करायची तर पीप्रॉफ या गोच्या साधनाचा गोरूटीन प्रोफाइल तासाभराच्या अंतराने दोनदा घ्या. चॅनलच्या सेंडवर थांबलेल्या गोरूटीनचा एकाच ओळीवरचा आकडा वाढत असेल तर चोर सापडला. हा प्रकार फक्त तुमच्याकडेच घडतो असेही नाही. डॉकर, कुबरनेटीस, ईटीसीडी अशा 6 गो प्रकल्पांतल्या 171 समांतर चुकांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अडकून पडणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त मेसेज पाठवण्याच्या वाटेने आलेल्या होत्या, लॉकच्या वाटेने नव्हे.

प्रश्न: सेशन टाइपची व्याख्या वाचली, पण 'ड्युअल' आणि 'लिनिअर' या दोन शब्दांशी गाडी अडली. उदाहरण घेऊन सांगाल का?
(एमसीएचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: सेशन टाइप म्हणजे संवादात कोणी काय कोणत्या क्रमाने पाठवायचे हे सांगणारा टाइप. तिकीट काढण्याचा संवाद घेऊ. ग्राहक गाडीचा क्रमांक पाठवतो. सर्व्हर शिल्लक जागा सांगतो. मग ग्राहक 'घेतो' किंवा 'नको' निवडतो. 'घेतो' म्हटले तर नाव पाठवतो आणि तिकीट क्रमांक घेतो. ग्राहकाच्या टोकाचा टाइप असा:

!पूर्णांक . ?पूर्णांक . ⊕{ घेतो: !मजकूर . ?पूर्णांक . संपले ; नको: संपले }

उद्गारचिन्ह म्हणजे पाठव, प्रश्नचिन्ह म्हणजे घे, टिंब म्हणजे 'मग'. वर्तुळातली अधिक खूण म्हणजे 'मी निवडणार'. सर्व्हरचे टोक याच्या नेमके उलट असते:

?पूर्णांक . !पूर्णांक . &{ घेतो: ?मजकूर . !पूर्णांक . संपले ; नको: संपले }

पाठवच्या जागी घे, घेच्या जागी पाठव, आणि 'मी निवडणार'च्या जागी 'तू निवड, मी दोन्हीला तयार आहे'. या उलट्या जोडीला ड्युअल म्हणतात. एका टोकाचा टाइप दुसऱ्याचा ड्युअल असला की एक पाठवायला तयार असताना दुसराही पाठवत बसला, असे त्या संवादात होऊ शकत नाही. कल्पना कोहेइ होंडा यांची, 1993 ची. आज दिसते ते रूप बहुतांशी होंडा, वास्कोन्सेलोस आणि कुबो यांच्या 1998 च्या मांडणीतले.

नेहमीच्या टाइपहून फरक असा की इथे टाइप वापरता वापरता झिजतो. गाडीचा क्रमांक पाठवल्यावर ग्राहकाच्या हातात पहिला टाइप उरत नाही, '?पूर्णांक' पासून पुढचा उरतो. लिनिअर का हवे, ते इथेच कळते. समजा ग्राहकाचे टोक दोन थ्रेडकडे आहे आणि दोघांनीही गाडीचा क्रमांक पाठवला. सर्व्हर पहिला घेऊन जागा सांगतो आणि 'घेतो की नको' ऐकायला बसतो, तेवढ्यात दुसऱ्याचा क्रमांक येऊन आदळतो. टाइप बरोबर असूनही घोळ झाला, कारण एकाच टाइपच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर होत्या. म्हणून लिनिअर म्हणजे हा नियम: एका टोकाचा एका वेळी एकच मालक, आणि त्या मालकाने संवाद 'संपले' पर्यंत नेलाच पाहिजे. मधेच टाकून द्यायचे नाही.

टोक दुसऱ्याला सोपवता येते, त्याला डेलिगेशन म्हणतात. इथे एक जुना खड्डा आहे. चॅनलच्या दोन्ही टोकांना एकच नाव ठेवले आणि एक टोक आधीच हातात असलेल्या प्रोसेसलाच दुसरे टोकही सोपवले, तर कोणते कोणते हे टाइपला कळेनासे होते. 1998 च्या मूळ मांडणीत सोपवण्याचा नियम मुद्दाम आवळलेला होता. तो सैल केल्यावर टाइपची हमी देणारी सिद्धता कोसळते, हे योशिदा आणि वास्कोन्सेलोस यांनी 2007 मध्ये नीट उलगडून दाखवले. तोडगा म्हणजे टोकांना वेगळी खूण देणे. गे आणि होल यांनी अधिक-उणे चिन्हे लावली ती त्यासाठीच. वहीत गणिते सोडवताना तुम्हीही दोन टोकांना दोन नावे द्या, अर्ध्या चुका होणारच नाहीत.

प्रश्न: दोन्ही सेशन टाइप एकमेकांचे ड्युअल आहेत, हातात धरून तपासले. तरी दोन प्रोसेस एकमेकींची वाट पाहत बसल्या. बफर 100 केला, काही उपयोग नाही.
(बंगळुरूहून एक वाचक)

उत्तर: बफरने सुटणारच नव्हते, कारण तुमच्या दोन्ही प्रोसेस पाठवताना नाही, घेताना अडकल्या आहेत. पाठवलेल्या आकृतीतून आवश्यक तेवढेच इथे देतो. चॅनल दोन, क्ष आणि य.

पहिली प्रोसेस: क्षवर घे, मग यवर पाठव.
दुसरी प्रोसेस: यवर घे, मग क्षवर पाठव.

क्षचा संवाद एकटा पाहिला तर निर्दोष, यचाही तसाच. सेशन टाइप प्रत्येक संवाद सुटा तपासतो. दोन संवादांची एकमेकांत गुंतलेली गाठ त्याच्या नजरेपलीकडची आहे. पत्रे आली त्यांतला हा सर्वांत मोठा गैरसमज: ड्युअल म्हणजे डेडलॉकपासून मुक्ती नव्हे.

गाठ पकडण्याच्या दोन पद्धती रुळलेल्या आहेत. पहिली नाओकी कोबायाशी यांची, 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वाढत गेलेली. प्रत्येक चॅनलला एक आकडा द्यायचा. नियम असा की तुम्ही ज्या चॅनलवर थांबला आहात त्याचा आकडा, थांबल्यावर मागे उरलेल्या प्रत्येक देण्याच्या आकड्यापेक्षा लहान हवा. देणे म्हणजे 'या चॅनलवर मी पाठवीन' किंवा 'घेईन' असे दुसऱ्याला दिलेले वचन. वरच्या उदाहरणात पहिली प्रोसेस म्हणते क्ष < य, दुसरी म्हणते य < क्ष. आकडे बसतच नाहीत, म्हणून टाइप मिळत नाही. आता पहिलीचा क्रम उलटा करा: आधी यवर पाठव, मग क्षवर घे. दोघी म्हणतात य < क्ष, य = 1 आणि क्ष = 2 चालते, गाठ सुटली. पाच तत्त्वज्ञ आणि पाच काट्यांचे प्रसिद्ध कोडे असेच तपासून पाहा. प्रत्येकाने डावा काटा आधी उचलला तर आकड्यांची साखळी गोल फिरून स्वतःलाच येऊन भिडते. एकाने उजवा आधी उचलला की ती तुटते. कोबायाशी यांच्या टिपिकल या साधनात पाय-कॅल्क्युलसचा प्रोग्रॅम दिला तर ते आकडे स्वतःच शोधते.

दुसरी पद्धत तर्कशास्त्रातून आली. जिरार यांच्या 1987 च्या लिनिअर लॉजिकमधली विधाने म्हणजे सेशन टाइप आणि सिद्धता म्हणजे प्रोसेस, हे नाते काइरेस आणि फेनिंग यांनी 2010 मध्ये जोडले. फिलिप वॉडलर यांनी 2012 मध्ये त्याचे अभिजात लॉजिकमधले रूप दिले. त्यात दोन प्रोसेस जोडताना मधे नेमका एकच चॅनल असतो. त्यामुळे जोडणीचे चित्र झाडासारखे राहते, वर्तुळ होतच नाही, आणि डेडलॉकला जागाच उरत नाही. नियम देखणा आहे, पण किंमत चढी. तुमच्या दोन प्रोसेसमध्ये दोन चॅनल आहेत, म्हणजे क्रम सुधारल्यावरही ही पद्धत त्यांना दारातच अडवते. खऱ्या कोडसाठी आमचा कल आकड्यांकडे आहे.

आकड्यांनाही हद्द आहेच. प्रोसेस स्वतःला पुन्हा बोलावत दर वेळी नवे चॅनल बनवत असेल, तर ठरावीक आकडे पुरत नाहीत. अशा वाढत जाणाऱ्या जाळ्यांसाठी कोबायाशी आणि लानेवे यांना वेगळी पद्धत रचावी लागली. पाय-कॅल्क्युलसचा प्रत्येक प्रोग्रॅम अडकेल की नाही हे बिनचूक सांगणारी रीत असूच शकत नाही, म्हणून कोणतीही टाइप पद्धत काही निर्दोष प्रोग्रॅम नाकारणारच. आणखी एक, डेडलॉक नाही म्हणजे उत्तर मिळेलच असे नाही. सर्व्हर दुसऱ्याच दोघांशी अखंड बोलत राहिला तरी कोणी 'अडकलेले' नसते, तुम्ही मात्र ताटकळत बसता.

प्रश्न: सर्व्हरमध्ये नवा पर्याय घातला तर जुने क्लायंट मोडतील का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: पर्याय कोण निवडतो त्यावर आहे. क्लायंट निवडत असेल, म्हणजे सर्व्हर 'घेतो' आणि 'नको' सोबत आता 'जागा राखून ठेव' हेही ऐकायला तयार झाला, तर काहीच मोडत नाही. जुना क्लायंट ते बटण दाबणारच नाही. पण सर्व्हर निवडत असेल, म्हणजे उत्तरात 'मिळाले' आणि 'नाही' यांच्या जोडीला 'प्रतीक्षायादी' पाठवू लागला, तर जुना क्लायंट त्या उत्तरापाशी तोंडघशी पडतो. ऐकणाऱ्याने पर्याय वाढवावेत, निवडणाऱ्याने फक्त कमी करावेत. सेशन टाइपमधल्या सबटायपिंगचा (एका टाइपच्या जागी दुसरा चालण्याच्या नियमाचा) हा गाभा, गे आणि होल यांनी 2005 मध्ये तपशिलाने मांडलेला. तपासणी यांत्रिक आहे, अल्गोरिदम आहे. मात्र मेसेज रांगेत साठतात म्हणून 'आधी पाठवून टाकू, घेऊ नंतर' अशी मुभाही सबटायपिंगमध्ये हवी असेल, तर तपासणारा सर्वसाधारण अल्गोरिदम शक्य नाही. हे 2017 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी सिद्ध केले.

प्रश्न: आमच्या संवादात तिघे आहेत: ग्राहक, दुकान आणि कुरिअर. जोडीजोडीने तीन सेशन टाइप लिहिले. ग्राहकाने 'नको' म्हटले की कुरिअरची सर्व्हिस लटकते.
(डब्लिनहून एक वाचक)

उत्तर: जोड्या पाडल्या की 'आधी हे, मग ते' हा तिघांमधला क्रम हरवतो. होंडा, योशिदा आणि कार्बोने यांनी 2008 मध्ये यासाठीच अनेकपक्षी सेशन टाइप मांडले. सगळ्यांचे मिळून एकच ग्लोबल टाइप लिहायचे, मग त्यातून प्रत्येकाचा वाटा काढायचा. वाटा काढण्याला प्रोजेक्शन म्हणतात. तुमचे ग्लोबल टाइप असे होते:

ग्राहक → दुकान: वस्तू
दुकान → ग्राहक: किंमत
ग्राहक → दुकान: 'घेतो' किंवा 'नको'
'घेतो' असेल तर: दुकान → कुरिअर: पत्ता, मग कुरिअर → ग्राहक: तारीख
'नको' असेल तर: संपले

आता कुरिअरच्या जागी उभे राहून फक्त त्याच्या ओळी वाचा. पहिल्या शाखेत 'दुकानाकडून पत्ता घे, ग्राहकाला तारीख पाठव'. दुसऱ्या शाखेत काहीच नाही. कोणती शाखा निवडली हे त्याला कोणी सांगितलेच नाही, मग त्याने वाट पाहायची की घरी जायचे? प्रोजेक्शन इथे अडते, आणि अडते ते बरेच होते, कारण तुमची लटकणारी सर्व्हिस हीच. दुरुस्ती एका ओळीची: 'नको' शाखेत 'दुकान → कुरिअर: रद्द' घाला. आता कुरिअरला दुकानाकडून एकतर 'पत्ता' येईल किंवा 'रद्द', आणि लेबलवरूनच त्याला शाखा कळेल.

एक सावधगिरी. 2008 च्या मूळ नियमात, निवडीत नसलेल्या पक्षाचा वाटा सगळ्या शाखांत तंतोतंत सारखा लागतो, त्यामुळे दुरुस्त केलेले टाइपही तिथे नाकारले जाते. पुढे आलेला मर्जचा, म्हणजे शाखांतले वाटे एकत्र करण्याचा, सैल नियम ते स्वीकारतो. या सैल नियमासह प्रसिद्ध झालेल्या काही सिद्धतांत त्रुटी आहेत, हे स्कालास आणि योशिदा यांनी 2019 मध्ये दाखवले. त्यांचा पर्याय असा की ग्लोबल टाइपचा हट्ट सोडा, सगळ्यांचे वाटे एकत्र ठेवून मॉडेल चेकरने (सगळ्या शक्य अवस्था तपासणाऱ्या साधनाने) तपासा. म्हणून एखादे साधन वापरताना त्यात कोणता मर्ज आहे ते आधी बघा. प्रोटोकॉल लिहिण्यासाठी स्क्रिबल ही भाषा आहे आणि चुकलेली शाखा ती दाखवते. आणि हो, ही हमी एका संवादापुरतीच. कुरिअर एकाच वेळी दोन दुकानांच्या संवादांत अडकला असेल तर बंगळुरूच्या वाचकांची गाठ तुमच्याकडेही पडू शकते.

प्रश्न: रस्टमध्ये मालकीचा नियम आहेच. मग सेशन टाइप आयते मिळतात का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: अर्धे मिळतात. एकदा दिलेली वस्तू पुन्हा वापरली तर कम्पाइलर अडवतो, म्हणजे 'जास्तीत जास्त एकदा' पक्के. 'नेमके एकदा' मात्र नाही, कारण वस्तू मधेच टाकून देता येते. प्रत्येक पायरीला टोकाचा टाइप बदलणाऱ्या लायब्ररी रस्टमध्ये 2015 पासून आहेत, पण अर्ध्या संवादात टोक ड्रॉप झाले तर समोरच्याला एरर येते किंवा पॅनिक होतो, कम्पाइलच्या वेळी काही कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे वस्तू ड्रॉप न करताच विसरून जाणारे मेम-फर्गेट हे फंक्शन सुरक्षित मानलेले आहे. टोक तसे 'विसरले' तर समोरच्याला एररही येत नाही, तो बसून राहतो. डेडलॉकला रस्ट असुरक्षित मानतच नाही.

तुमच्या पत्रातल्या कोडमध्ये मात्र भानगड वेगळी आहे. एमपीएससी (अनेक पाठवणारे, एकच घेणारा) चॅनलच्या सेंडरच्या प्रती काढून प्रत्येक थ्रेडला दिल्या, पण मूळ सेंडर मुख्य थ्रेडमध्ये जिवंत राहिला. एक जरी सेंडर शिल्लक असला तरी रिसीव्हरवरचा फॉर लूप संपत नाही. थ्रेड सुरू करून झाल्यावर मूळ सेंडर हाताने ड्रॉप करा.

प्रश्न: अर्लँगमध्ये यातले काय चालते?
(पुण्याहून एक वाचक)

उत्तर: फारसे नाही. प्रोसेसच्या मेलबॉक्समध्ये (आलेल्या मेसेजच्या पेटीत) कोणीही काहीही टाकू शकतो. डायलायझर हे तपासणीचे साधन नक्की चुकणारे फंक्शन कॉल दाखवते, संवादाचा क्रम तपासत नाही. रिसीव्हच्या एकाही पॅटर्नशी न जुळणारा मेसेज मेलबॉक्समध्येच पडून राहतो. दर रिसीव्हला तो पुन्हा चाळला जातो, म्हणून प्रोसेस आधी मंद होते आणि मग मेमरी फुगते. दीर्घकाळ चालणाऱ्या लूपमध्ये शेवटचा पॅटर्न 'काहीही' असा ठेवा आणि तिथे लॉग करा. क्रम नसलेल्या मेलबॉक्सचे टाइप दे'लिग्वोरो आणि पादोवानी यांनी 2018 मध्ये मांडले आहेत, वाचण्यासारखे आहेत.

प्रश्न: गोचा 40 हजार ओळींचा जुना कोड आहे. भाषा बदलणे शक्य नाही. काय करू?
(सांगलीहून एक वाचक)

उत्तर: गोच्या कोडमधून चॅनलच्या वागणुकीचे टाइप काढून ते तपासण्याची पद्धत लांगे, एनजी, तोनिन्हो आणि योशिदा यांनी 2017 मध्ये दिली. पण तिची हमी गोरूटीन आणि चॅनल मर्यादेत राहणाऱ्या प्रोग्रॅमपुरती आहे, आणि साधने संशोधनाच्या पातळीची आहेत. अख्ख्या कोडवर सोडू नका. सर्वांत जास्त रीस्टार्ट होणारे एक पॅकेज निवडा आणि कागदावर तक्ता करा. चॅनलमागे एक ओळ: कोण बनवतो, कोण पाठवतो, कोण घेतो, किती वेळा, कोण क्लोज करतो. क्लोजच्या रकान्यात दोन नावे आली तर तिथेच थांबा. बंद चॅनल पुन्हा बंद केला की पॅनिक होतो, आणि बंद चॅनलवर पाठवले तरी पॅनिकच. घेणाऱ्याने कधी क्लोज करू नये. त्यानंतर प्रत्येक गोरूटीनमध्ये 'इथे थांबतो, मग तिथे पाठवतो' अशा जोड्या शोधून वरचे क्ष < य चे आकडे पेन्सिलीने भरा. रबर हाताशी ठेवा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच लागेल.